‘काही नको’ म्हणणाऱ्याला काय द्यावे?

लग्नाच्या, साठीच्या किंवा अमृतमहोत्सवी वाढदिवसाच्या निमंत्रणपत्रिकेत तळाशी हल्ली एक ओळ हमखास छापलेली असते : ‘कृपया आहेर अथवा पुष्पगुच्छ आणू नयेत, आपली उपस्थिती हाच आमचा आहेर.’ ही ओळ ज्यांनी पहिल्यांदा छापली असेल त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो, कारण एकाच महिन्यात तीन लग्नांची तीन पाकिटे भरताना ज्यांची ओढाताण होते अशा कितीतरी पाहुण्यांची तिने सुटका केली. तरीही प्रत्यक्षात काय घडते ते आपण सगळेच पाहतो. ओळ वाचूनही बरेच जण काहीतरी घेऊन येतात, यजमान ‘अहो, कशाला आणलंत?’ म्हणत ते घेतात, आणि रात्री कार्यालयाची खोली रिकामी करताना गुच्छ, शाली, काचेच्या वस्तू आणि चमकत्या कागदात गुंडाळलेली खोकी गाडीच्या डिकीत कशीबशी बसवली जातात.

ओळ मोडणारे हे लोक हट्टी नसतात. आपल्या माणसाच्या आनंदाच्या दिवशी रिकाम्या हाताने जाणे त्यांच्या जिवावर येते, एवढेच. यजमानालाही वस्तू खरोखरच नको असतात. त्याचे ‘नको’ हे वरवरचे नसते. दोघेही मनाने स्वच्छ असतात आणि तरी दोघांच्या मधे नकोशा वस्तूंचा ढीग साचतो. ज्याच्याकडे सर्व काही आहे त्याला काय द्यावे, हा प्रश्न आपण दुकानात जाऊन सोडवू पाहतो, म्हणून हा ढीग साचतो असे माझे मत आहे. तो प्रश्न एकमेकांना विचारण्याचा आणि एकमेकांकडे मागण्याचा आहे, आणि त्याचे निम्मे उत्तर घेणाऱ्यानेच द्यायचे आहे.

आहेर ही रीत ज्या काळात घडली त्या काळात असा पेच पडतच नव्हता. आहेर हा मुळात कौतुकापेक्षा गरजेचा व्यवहार होता. खेडेगावात लग्नाच्या मांडवात एक माणूस वही घेऊन बसे, अजूनही अनेक गावांत बसतो, आणि कोणी किती रुपये दिले, कोणी लुगडे आणले, कोणी धोतरजोडी आणली, हे नावानिशी लिहून घेई. पुढे त्या माणसाच्या घरी कार्य निघाले की वही काढून पाहायची आणि तेवढे किंवा त्याहून थोडे अधिक परत करायचे. ज्यांना सावकाराखेरीज कर्ज देणारे कोणी नव्हते अशा कुटुंबांनी एकमेकांसाठी चालवलेली ती बिनव्याजी उसनवारी होती. लग्नाचा खर्च एकाच वेळी एकाच घरावर कोसळू नये म्हणून सगळा भावकीचा गोतावळा त्याला खांदा देत असे. वहीत नाव लिहिले जाण्यात आज आपल्याला हिशेबीपणा दिसतो. पण ज्या घरात पुढच्या वर्षी लेकीचे लग्न होते त्या घराला त्या वहीचा केवढा भरवसा असेल!

शहरांतही निराळ्या तऱ्हेने हेच होते. गिरणगावातल्या चाळीत किंवा पुण्यातल्या वाड्यात दोन खोल्यांत संसार मांडणाऱ्या जोडप्याकडे खरोखरच काही नसे. मग मामाकडून पातेली, आत्याकडून डबे, शेजाऱ्यांकडून लेमन सेट, कचेरीतल्या सहकाऱ्यांनी वर्गणी काढून दिलेले भिंतीवरचे घड्याळ, अशी घराची जुळणी होई. भांड्यांच्या दुकानात दुकानदार लगेच त्यावर नाव कोरून देई. आमच्या घरात ‘आत्याकडून सप्रेम, १२-५-७४’ असे कोरलेला एक स्टीलचा डबा आहे आणि त्यात आजही डाळ असते. त्या डब्याची किंमत काय होती हे कोणालाच आठवत नाही, पण तो रोज उघडला जातो आणि उघडताना अक्षरांवर बोट फिरते. वस्तू गरजेची होती, म्हणून ती वापरली गेली. वापरली गेली म्हणून देणाऱ्याची आठवण रोजच्या कामात मिसळून राहिली. भेट म्हणून वस्तूला जे करता येते ते सगळे त्या डब्याने केले.

त्यानंतरच्या पन्नास वर्षांत मराठी मध्यमवर्गाचे घर भरत गेले. आज लग्नाआधीच फ्लॅट घेतलेला असतो आणि फ्लॅटमध्ये फ्रीज, मिक्सर, धुलाई यंत्र आधीच लागलेले असते. साठीच्या उंबरठ्यावरच्या जोडप्याकडे तर हे सगळे दोनदा बदलून झालेले असते. गरज संपली, पण रीत चालू राहिली, आणि वस्तूंना करण्यासारखे काही काम उरले नाही. त्याची खूण म्हणजे फिरते ब्लाउजपीस. ओटी भरताना आलेले ब्लाउजपीस बाईने जपून ठेवायचे, पुढच्या ओटीत दुसरीला द्यायचे, तिने तिसरीला. कधी कधी चार घरे फिरून तोच कापड-तुकडा पहिल्या घरी परत येतो. यात कोणाचीही लबाडी नाही. जे शिवले जाणार नाही ते फेकण्यापेक्षा पुढे देणे हे शहाणपणाचेच आहे. पण त्यातून एक गोष्ट उघड होते की वस्तू आता केवळ विधीसाठी हात बदलते, आणि विधीसाठीच जर ती असेल तर त्यासाठी गिरणीने कापड विणण्याचे आणि आपण पैसे मोजण्याचे काहीच कारण नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला लुटल्या जाणाऱ्या वाणाचेही असेच झाले आहे. कधीकाळी ऊस, बोरे, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या असे शेतातले सुगड भरून दिले जाई; आता दर घरटी प्लास्टिकची एक डबी किंवा गाळणी येते, आणि दहा घरी जाऊन आलेल्या बाईच्या ओट्यावर दहा डब्या जमतात.

सार्वजनिक जीवनात या निरर्थकतेचे सर्वांत मोठे रूप म्हणजे शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह. ज्याचा सत्कार होतो तो बहुधा सत्तरी ओलांडलेला विद्वान, कलावंत किंवा कार्यकर्ता असतो. म्हणजे ज्याला आधीच पुष्कळ शाली मिळालेल्या आहेत, नेमका त्यालाच पुढची शाल मिळते. मे महिन्यातल्या व्याख्यानमालेत घामाघूम झालेल्या वक्त्याच्या खांद्यांवर लोकरीची शाल घातली जाते आणि छायाचित्र निघताच ती उतरवली जाते. श्रीफळाची निदान चटणी होते. स्मृतिचिन्हावर मात्र संस्थेचे आणि सत्कारमूर्तीचे नाव असल्यामुळे ते दुसऱ्या कोणाला देता येत नाही, मोडीत काढता येत नाही, आणि दोन खोल्यांत राहणाऱ्या निवृत्त प्राध्यापकाला ते ठेवायला जागाही नसते. हा सगळा खर्च संस्थेच्या वर्गणीतून होतो, ज्या वर्गणीतून एखाद्या गावच्या वाचनालयाला वर्षभराची नियतकालिके घेता आली असती. अगदी सर्वोच्च पदावरच्या माणसाची अडचणही हीच असते. पंतप्रधानांना मिळालेल्या शाली, पगड्या, मूर्ती आणि मानचिन्हे यांचा २०१९ पासून ऑनलाइन लिलाव होतो आणि ती रक्कम गंगा शुद्धीकरणाच्या ‘नमामि गंगे’ योजनेकडे जाते. सरकारला तो मार्ग काढता आला; निवृत्त मुख्याध्यापकाच्या घरच्या माळ्यासाठी असा लिलाव कोण करणार?

अर्थशास्त्राने या प्रश्नाकडे पाहिले आहे. अमेरिकी अर्थतज्ज्ञ जोएल वॉल्डफोगेल यांनी १९९३ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात नाताळच्या भेटवस्तूंवर एक निबंध प्रसिद्ध केला. येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारले की तुम्हाला मिळालेल्या वस्तूंची बाजारातली किंमत काय असावी, आणि तुमच्या लेखी तिचे मोल किती आहे. उत्तरांवरून त्यांनी असा निष्कर्ष काढला की भेटीवर खर्च झालेल्या पैशापैकी दहा टक्के ते एक तृतीयांश इतके मोल देण्याघेण्यातच वाया जाते. देणारा जितका दूरचा, तितके ते अधिक वाया जाते. त्या अभ्यासातून निघणारा सल्ला उघड होता की वस्तूपेक्षा रोख रक्कम द्या. आपल्याकडच्या एक रुपयाचे नाणे चिकटवलेल्या पाकिटाला यामुळे जणू विद्यापीठाची मान्यताच मिळाली, असे कोणाला वाटेल.

पण या हिशेबात एक अट होती, आणि माझ्या मते सगळे मर्म त्या अटीत आहे. विद्यार्थ्यांना सांगितले होते की मोल सांगताना त्या वस्तूमागची भावना बाजूला ठेवा. भेटीतून भावना वजा केल्यावर जे उरते त्याची किंमत कमी भरते, हे खरे आहे. मात्र ज्याच्याकडे सर्व काही आहे अशा माणसाच्या बाबतीत हा हिशेब शेवटपर्यंत नेऊन पाहावा. त्याच्या लेखी वस्तूचे मोल शून्याच्या जवळ येते. त्याला रोख रक्कम दिली तरी तीही त्याच्या बँकेतल्या आकड्यात विरघळून जाते. अर्थतज्ज्ञाने जे मुद्दाम बाजूला ठेवायला सांगितले होते, नेमके तेवढेच शिल्लक राहते. म्हणजे भरल्या घराच्या माणसाला काय द्यावे याचे उत्तर वस्तूच्या आणि पैशाच्या दोन्ही रकान्यांबाहेर आहे.

हे उत्तर आपल्याला अगदीच अपरिचित आहे असे नाही. दिवाळीच्या फराळाचा विचार करावा. चकली, लाडू, करंजी, चिवडा हे पदार्थ त्या चार दिवसांत प्रत्येक घरात असतात, आणि तरीही प्रत्येक घरातून शेजारच्या प्रत्येक घरात ताट जाते. ज्याच्याकडे तेच सगळे आहे त्याला तेच सगळे देण्याची ही रीत हिशेबाच्या दृष्टीने पूर्ण निरर्थक आहे. पण फराळाचे ताट नकोसे झाले असे म्हणताना मी कोणाला ऐकलेले नाही. कारण शेजारणीच्या चकलीत तिच्या हाताचा काटा असतो, तिच्या घरची भाजणी असते, आणि त्यावर चार वाक्ये बोलायला दारात उभे राहावे लागते. शिवाय ताट रिकामे परत करायचे नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालून द्यायची, हा दंडक आहेच. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ साली दान-भेटीवरच्या आपल्या निबंधात देणे, स्वीकारणे आणि परतफेड करणे अशी तीन बंधने सांगितली, आणि ही तिन्ही मिळून समाज बांधला जातो असे दाखवले. आपल्या आज्यांना ताटातल्या साखरेतून ते ठाऊक होते. तिळगुळाचा खडा आणि आपट्याचे पान यांचेही तसेच. पानाला किंमत नाही, म्हणून ते श्रीमंतालाही देता येते आणि गरिबालाही. घेणाऱ्यावर ओझे होत नाही. आणि ते देण्यासाठी त्याच्या घरापर्यंत जावे लागते, हीच खरी देणगी ठरते.

आपट्याच्या पानामागची कथा आपण लहानपणी ऐकलेली असते, पण तिचा आरंभ बहुतेक वेळा गाळला जातो, आणि आपल्या प्रश्नासाठी तो आरंभच महत्त्वाचा आहे. कालिदासाने ‘रघुवंशा’च्या पाचव्या सर्गात तो दिला आहे. विद्या पूर्ण झाल्यावर कौत्साने गुरू वरतंतूंना गुरुदक्षिणेविषयी विचारले. तू इतकी वर्षे निष्ठेने केलेली सेवा हीच माझी दक्षिणा, असे वरतंतू म्हणाले. कौत्साने आग्रह धरला. गुरूंना राग आला आणि शिष्याच्या गरिबीचा विचार न करता त्यांनी चौदा विद्यांचे चौदा कोटी मागितले. म्हणून कौत्स रघुराजाकडे गेला, तर रघूने विश्वजित यज्ञात सर्वस्व दान केलेले होते आणि पाहुण्याच्या स्वागताला त्याच्याजवळ मातीचे पात्र तेवढे उरले होते. पुढे कुबेराने केलेली सुवर्णवृष्टी, सगळे घे म्हणणारा राजा आणि चौदा कोटींहून एक नाणेही अधिक न घेणारा कौत्स, हे आपल्याला माहीत असते.

‘तुझी सेवा हीच दक्षिणा’ हे वरतंतूंचे वाक्य आणि ‘आपली उपस्थिती हाच आहेर’ ही पत्रिकेतली ओळ यांत मला फरक दिसत नाही. दोन्ही वाक्ये उदार आहेत, आणि दोन्ही समोरच्याची एक गरज ओळखत नाहीत. ज्याला पुष्कळ मिळाले आहे त्याला काहीतरी परत द्यायचे असते. ते देता आले नाही तर त्याला मोकळे वाटत नाही. कौत्साचा आग्रह हा हट्ट नव्हता, ती त्याची तहान होती. ती नाकारली गेली म्हणून प्रश्न चौदा कोटींवर गेला. वरतंतूंनी पहिल्याच वेळी ‘पुढची दोन वर्षे आश्रमातल्या धाकट्या मुलांना शिकव’ असे काही सांगितले असते तर शिष्याची तहान भागली असती, आश्रमाचे काम झाले असते, आणि तितक्या सोन्याची कोणालाच गरज पडली नसती. कथेकडे असे पाहण्याने तिच्या पावित्र्याला बाध येत नाही असे मला वाटते. घेणाऱ्याने ‘काही नको’ म्हणून देणाऱ्याला वाऱ्यावर सोडले की आग्रह वाढतो आणि भेट महाग होत जाते, हे मात्र आपण आजही प्रत्येक समारंभात पाहतो.

म्हणून ज्याच्याकडे सर्व काही आहे त्याने मागायला शिकले पाहिजे. लोकमान्य टिळकांची साठी २३ जुलै १९१६ रोजी पुण्यात साजरी झाली तेव्हा लोकांनी वर्गणी करून त्यांना एक लाख रुपयांची थैली अर्पण केली. टिळकांना स्वतःसाठी काही नको होते, पण त्यांनी थैली परत पाठवून लोकांचा हिरमोड केला नाही. ती स्वीकारली आणि राष्ट्रकार्यासाठी विश्वस्त म्हणून वापरायची ठरवली. देणाऱ्याचा हात रिकामा राहिला नाही आणि घेणाऱ्याच्या घरात काही साचले नाही. त्याहून आजचे आणि मला अधिक भावणारे उदाहरण दादरच्या चैत्यभूमीचे आहे. ६ डिसेंबरला बाबासाहेबांना अभिवादन करायला येणाऱ्या जनसागराला गेली काही वर्षे कार्यकर्ते आवाहन करतात की हार, फुले आणि मेणबत्त्यांऐवजी एक वही आणि एक पेन आणा. जमलेल्या वह्या-पेने गरजू विद्यार्थ्यांकडे जातात. ज्या महापुरुषाला आता कोणतीच वस्तू पोहोचू शकत नाही, त्याला नेमके काय आवडले असते याचा शोध घेऊन दिलेली ही भेट आहे. शिवाय ती दहा-वीस रुपयांची आहे, त्यामुळे खेड्यातून रेल्वेने आलेल्या माणसालाही ती ताठ मानेने देता येते.

याच्याशी साम्य असलेली, पण मला न पटणारी एक नवी पद्धत इथे नोंदवावीशी वाटते. वाढदिवसाला जायचे आणि पाकिटात एखाद्या संस्थेला ‘तुमच्या नावाने’ दिलेल्या देणगीची पावती ठेवायची. संस्था चांगली असते, पैसा सत्कारणी लागतो, आणि तरी घेणाऱ्याच्या चेहऱ्यावर किंचित गोंधळ उमटतो, कारण ती संस्था देणाऱ्याच्या आवडीची असते. टिळकांना थैली मिळाली ती त्यांच्याच कार्यासाठी. चैत्यभूमीवरची वही ही बाबासाहेबांच्याच ध्यासाची खूण आहे. ज्याने आयुष्यभर विहिरी आणि पाणलोट यांत जीव घातला त्याला गोशाळेची पावती देणे म्हणजे त्याच्या दिवशी आपले पुण्य साजरे करणे आहे. त्याला आधी विचारावे. त्याने सांगितलेल्या कामाला द्यावे. शक्य असेल तर त्या कामावर एक दिवस त्याच्याबरोबर जाऊन यावे.

विचारण्याचे मोल मला आमच्या आत्यामुळे कळले. ती सांगलीला एकटी राहते. प्राथमिक शाळेतून निवृत्त होऊन तिला वीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. आम्ही भाचरे दर दिवाळीला आणि वाढदिवसाला तिला साड्या देत आलो. तिची दोन कपाटे भरली, तशी ती ‘मला आता काहीही आणू नका, माझ्यानं घड्या घालवत नाहीत’ असे म्हणू लागली, आणि आम्ही साडीऐवजी सुका मेवा, सुक्या मेव्याऐवजी कोपर दाबणारे यंत्र असे पर्याय शोधत राहिलो. चार वर्षांपूर्वी माझ्या बहिणीने तिच्याकडून उलट काहीतरी मागितले. ‘तुझ्या जुन्या सुती साड्यांची एक गोधडी मला शिवून दे आणि शिवताना मलाही शिकव,’ असे ती म्हणाली. आत्याने आधी नाही म्हटले, डोळ्यांचे कारण सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी फोन करून कोणत्या जाडीची सुई आणायची ते सांगितले. पुढचे चार महिने बहीण दर पंधरा दिवसांनी सांगलीला जात राहिली. कोणती साडी कोणत्या वर्षाची, कोणती नेसून ती पहिल्यांदा शाळेत रुजू झाली, कोणती आजीची, हे सगळे धावदोऱ्याच्या टाक्यांबरोबर बाहेर पडले. त्या वर्षी आम्ही तिला काहीही दिले नाही, आणि तिने तीन वेळा फोन करून सांगितले की ही दिवाळी चांगली गेली.

ज्याच्याकडे सर्व काही असते त्याच्याकडे बहुधा एक गोष्ट कमी होत गेलेली असते, आणि ती म्हणजे त्याच्यावाचून कोणाचे तरी अडणे. निवृत्तीनंतर, मुले परदेशी स्थिरावल्यानंतर, पैशाची चिंता मिटल्यानंतर माणसाला कोणी काही मागेनासे होते. वस्तू देऊन आपण त्याला पुन्हा पुन्हा घेणाऱ्याच्या जागी बसवतो. त्याच्याकडे काही मागितले की तो पुन्हा देणारा होतो. पुण्या-मुंबईत असे कितीतरी वृद्ध वाचक आहेत ज्यांच्या घरी चाळीस वर्षे जमवलेला ग्रंथसंग्रह आहे आणि माझ्यामागे हे कोण नेणार, ही काळजी त्यांना झोपू देत नाही. अशा माणसाकडे आणखी एक पुस्तक घेऊन जाण्यापेक्षा ‘तुमच्याकडची ही दोन मला वाचायला हवी आहेत, द्याल का?’ असे विचारत जाणे ही फार मोठी भेट आहे. न्यू जर्सीहून येणाऱ्या मुलाने बॅगेतल्या बदामांचे आणि चॉकलेटांचे वजन थोडे कमी करून वडिलांकडून घरच्या जमिनीचे जुने कागद समजून घ्यावेत, त्यांच्याबरोबर एकदा गावी जाऊन ती जमीन पाहावी. आयुष्यभर हार्मोनियम वाजवलेल्या शेजाऱ्याकडे आपल्या मुलीला शिकायला पाठवावे. यातली प्रत्येक गोष्ट वेळ मागते, आणि वेळ देणे जमत नाही म्हणूनच आपण बहुतेक वेळा दुकानाकडे वळतो, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

या माझ्या म्हणण्यावर एक गंभीर आक्षेप घेता येईल. आपल्या समाजात ‘मागणे’ हा शब्द निर्मळ राहिलेला नाही. लग्नाच्या बैठकीत मुलीच्या बापाकडे मागून मागून कित्येक घरे बुडवली गेली, कित्येक सुना जाळल्या गेल्या. म्हणून १९६१ मध्ये हुंडा प्रतिबंधक कायदा झाला. त्या कायद्यात न मागता दिलेल्या भेटींना मुभा आहे, पण त्यांची यादी करावी लागते, आणि भेट रीतीला धरून व देणाऱ्याच्या ऐपतीला साजेशी असावी अशी अट आहे. मागणी झाली की गुन्हा घडतो. ज्या समाजाला असा कायदा करावा लागला त्याला मोकळेपणाने मागायला सांगणे धोक्याचे नाही का? ‘आहेर आणू नये’ ही ओळ छापणाऱ्या अनेकांच्या मनात हीच लाज असते, आणि ती लाज मला मौल्यवान वाटते. तिला धक्का लागू नये.

तरीही या दोन मागण्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वरपक्षाची मागणी वरच्या पायरीवरून होते आणि समोरच्याला नाही म्हणता येत नाही. मी ज्या मागण्याविषयी बोलते आहे त्यात नकार देणे सोपे असले पाहिजे, आणि मागितलेली गोष्ट पैशाच्या हिशेबात न बसणारी असली पाहिजे. लग्नात म्हणूनच मी असे मागणे सुचवणार नाही. तिथे ‘आहेर नको’ हेच योग्य, आणि ते पाळले जावे यासाठी यजमानांनी दारातच नम्रपणे पाकीट परत करण्याचा धीर दाखवावा. ज्या घरात खरोखर गरज आहे तिथली पाकिटे मात्र चालू राहू द्यावीत. ज्या गावात आहेराची वही अजून उपयोगाची आहे तिथे शहरी माणसाने जाऊन ती मोडू नये. साठी, पंचाहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन, निवृत्ती, गौरव समारंभ या प्रसंगांचे तसे नाही. तिथे सत्कारमूर्ती वडीलधारे असतात, येणारे प्रेमाने आलेले असतात, आणि कोणाच्या संसाराचा सौदा होत नसतो.

दुसरा आक्षेप असा की काही माणसांना खरोखरच काही नको असते. त्यांची निरिच्छा ही साधनेने आलेली असते, आणि त्यांना ‘काहीतरी मागा’ म्हणून भंडावणे हाही जुलूमच ठरेल. हे मला पूर्ण मान्य आहे. अशा माणसाकडे आपट्याचे पान घेऊन जावे, बसावे, आणि तो बोलेल तितके ऐकून यावे. आपट्याच्या फांद्या दर दसऱ्याला ओरबाडल्या जातात आणि बाजारात त्याच्या नावाखाली कांचनाची पाने विकली जातात, तेव्हा तेही एकच पान पुरे.

संस्थांनी मात्र आता थांबून विचार करायला हवा, कारण तिथे पैसा सार्वजनिक असतो आणि सवय एका समितीच्या ठरावाने बदलू शकते. ज्या संस्थेला एखाद्या ज्येष्ठ संशोधकाचा गौरव करायचा आहे तिने समारंभाच्या दोन महिने आधी एक माणूस त्याच्या घरी पाठवावा आणि विचारावे की तुमचे कोणते काम अडले आहे. कोणाच्या हस्तलिखितांची सूची व्हायची असते, कोणाची जुनी ध्वनिमुद्रणे फितीवरून संगणकावर घ्यायची असतात, कोणाचा अप्रकाशित लेखसंग्रह टंकलेखनाअभावी पडून असतो, कोणाला फक्त कार्यक्रमानंतर घरी सोडायला गाडी आणि सोबतीला एक तरुण माणूस हवा असतो. शालीच्या आणि स्मृतिचिन्हाच्या पैशात यातली बरीच कामे सुरू तरी करता येतील, आणि त्या निमित्ताने संस्थेच्या दोन तरुण सभासदांना त्या माणसाच्या घरी महिनाभर जावे लागेल.

आमच्या घरात पुढच्या वर्षी एक पंचाहत्तरी आहे. पत्रिकेचा मसुदा करताना शेवटच्या ओळीवर बरीच चर्चा झाली आणि सध्या ती अशी आहे : ‘कृपया कोणतीही वस्तू आणू नये. आपल्याकडे वडिलांचे एखादे जुने पत्र असेल तर त्याची प्रत द्यावी. नसेल तर त्यांच्याकडून एखादा अभंग चालीवर बसवून घेण्यासाठी एका संध्याकाळी घरी यावे.’ दुसरा भाग वडिलांनी स्वतः घातला आहे. कोणत्या वारी यायचे, तेही लिहा, असा त्यांचा आग्रह आहे.